सीराचाच्या रस्त्यावर कोणती स्कूटर?

मूळच्या चिंचवडच्या एका वाचक भगिनीने थायलंडमधून पत्र पाठवले आहे. त्यांचे पती वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कंपनीत अभियंता असून, तीन वर्षांच्या नेमणुकीवर हे कुटुंब चार महिन्यांपूर्वी चोनबुरी प्रांतातल्या सीराचा या गावी राहायला गेले आहे. पती कंपनीच्या बसने आणि सात वर्षांची मुलगी शाळेच्या व्हॅनने जाते. पण बाजारहाट, मुलीचा पोहण्याचा क्लास आणि दवाखाना यांसाठी सारखी टॅक्सी मागवणे जिवावर येते, म्हणून एक नवी ऑटोमॅटिक स्कूटर घ्यायचे ठरले आहे. भगिनींची उंची पाच फूट एक इंच, पतींची पाच फूट दहा इंच. पुण्यात त्यांनी बारा वर्षे ॲक्टिव्हा चालवली आहे. पतींच्या सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की हायवेवर ट्रेलर धावतात, तेव्हा १२५ सीसीच्या फंदात न पडता १५५-१६० सीसीची मोठी, रुंद सीटची मॅक्सी स्कूटर घ्यावी, म्हणजे रविवारी तिघांना पट्टायालाही जाता येईल. शोरूमने थोडे पैसे आधी घेऊन बाकीचे हप्त्यांवर द्यायची तयारी दाखवली आहे. तयारी एक लाख बाटपर्यंतची आहे. 'रोज बहुतेक मीच चालवणार, पण घेतोच आहोत तर मोठी, सुरक्षित आणि सगळ्यांच्या उपयोगाची घ्यावी असे वाटते. नेमके मॉडेल सांगाल का? आणि विजेवरची घ्यावी का?' असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात पतींचे मत आहे, त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे, शोरूमवाल्यांचेही आहे. गाडी कोण चालवणार, हे मात्र 'रोज बहुतेक मीच चालवणार' एवढ्या चार शब्दांत येऊन जाते आणि लगेच 'पण' येतो. मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या 'पण'च्या आधीच संपले आहे. उरलेले निम्मे लांबलचक आहे, कारण त्यात परवाना, विमा आणि ब्रेक अशा गोष्टी येतात, ज्यांबद्दल तुमच्या पत्रात जवळपास काहीच नाही.

आधी 'मोठी म्हणजे सुरक्षित' हे गृहीत तपासून पाहू. थायलंडचे रस्ते दुचाकीस्वारांसाठी धोक्याचे आहेत, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात तिथला रस्ते-मृत्यूंचा दर लाख लोकसंख्येमागे ३२.७ दिला होता आणि त्या मृतांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी-तीनचाकीवरचे होते. त्यानंतर दर काहीसा उतरला, तरी चित्र पालटलेले नाही. म्हणून तुमच्या पतींची काळजी मला पूर्ण पटते. त्यावर सुचवलेला उपाय पटत नाही. लेम चाबांग बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरपुढे १०५ किलोची स्कूटर आणि १३० किलोची स्कूटर यांच्यात फरक काय? मोठ्या स्कूटरभोवती लोखंडाचा पिंजरा नसतो. तिच्यात जास्तीची असते ती ताकद. ही ताकद ऐंशीच्या पुढच्या वेगाला, डबल सीट चढावर किंवा दूरच्या प्रवासात उपयोगी पडते. तुम्ही लिहिलेल्या फेऱ्या तीन ते सहा किलोमीटरच्या आहेत. त्यांत सुखुमवित या हमरस्त्याचा जो तुकडा लागतो, तिथेही दुचाकीने डाव्या कडेच्या लेननेच जायचे असते आणि तिथे साठ-पासष्टचा वेग १२५ सीसीची कोणतीही चालू गाडी डबल सीट सहज धरते. बँकॉककडून पट्टायाकडे जाणारा जो खरा वेगवान रस्ता आहे, तो ७ क्रमांकाचा मोटरवे, त्यावर दुचाकींना मज्जावच आहे, मग ती १६० सीसीची असो नाहीतर ३५० ची. ज्या रस्त्यासाठी मोठी गाडी घ्यायची, तिथे ती नेताच येणार नाही.

तुमच्या भागातला खरा धोका सीसीशी संबंधित नाही. तो यू-टर्नचा आहे. तिथल्या दुभाजकाच्या हमरस्त्यांवर उजवीकडे वळायला चौक कमी आणि यू-टर्नच्या फटी जास्त. समोरचे दुकान दिसत असते, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला किलोमीटरभर पुढे जाऊन, तीन लेन ओलांडून उजव्या कडेला येऊन, मागून येणाऱ्या ट्रकांकडे आरशात बघत त्या फटीत थांबावे लागते. तो वळसा टाळण्यासाठी स्थानिक लोक सर्रास डाव्या कडेने उलट दिशेने गाडी घालतात. त्याला तिथे 'यॉन सॉन' म्हणतात आणि आपल्याकडच्या 'राँग साइड'चीच ती बहीण आहे. तुम्ही तसे करणार नाही हे मला ठाऊक आहे, पण समोरून तशी गाडी येणारच, विशेषतः संध्याकाळी आणि दिवा न लावता, हे धरून चालवावे. गाडी घरी येण्याआधीच एका रविवारी सकाळी टॅक्सीत पुढे बसून तुमचे तीन नेहमीचे रस्ते बघून ठेवा आणि डावीकडच्या वळणांनी, आतल्या सोईंमधून, म्हणजे तिथल्या गल्ल्यांमधून, जाता येते का हे शोधा. चार मिनिटे जास्त लागली तरी हरकत नाही. डावीकडून चालवायची सवय आपल्याला आहेच, तेवढा एक मोठा अडसर तुमच्यापुरता नाही.

आता पायांकडे येऊ, कारण माझ्या मते तुमची निवड तिथेच ठरणार आहे. कॅटलॉग उघडलात तर होंडा पीसीएक्स १६० या मॅक्सीच्या सीटची उंची ७६४ मिलीमीटर दिसेल, यामाहा एनमॅक्स या दुसऱ्या मॅक्सीची जवळपास तेवढीच, होंडा क्लिक १६० ची ७७८ आणि यामाहा ग्रँड फिलानोची ७९०. कागदावर पाहिले तर मॅक्सी स्कूटरच सर्वांत बुटक्या ठरतात आणि शोरूममध्ये हेच तुम्हाला सांगितले जाईल. पण ती उंची सीटच्या मध्यावर मोजलेली असते. मॅक्सीची सीट रुंद असते, मांड्या बाहेर फाकतात आणि पाच फूट एक इंच उंचीच्या व्यक्तीची टाच वर उचलली जाऊन केवळ चवडा टेकतो. फिलानो उंच असली तरी अंगाने सडपातळ आणि शंभर किलोच्या आसपासची आहे. पीसीएक्स १३० किलोच्या वर जाते. तुमची ॲक्टिव्हा साधारण १०६ किलोची होती. पंचवीस किलोंचा हा फरक गाडी धावताना अजिबात जाणवत नाही. तो जाणवतो उतारावरच्या पार्किंगमधून गाडी मागे ओढताना, पावसात सिग्नलला मुलगी मागे बसलेली असताना आणि ती नेमकी त्याच वेळी एका बाजूला झुकून काहीतरी बघत असताना.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षे बँकॉकच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहत असताना मीही मित्रांच्या भरीला पडून अंगापेक्षा मोठी स्कूटर घेतली होती. हमरस्त्यावर ती लोण्यासारखी चालायची. दुसऱ्याच महिन्यात एका मंडईबाहेरच्या उतरत्या फुटपाथवर, जागेवरच उभी असताना, डावा पाय टेकवायला गेलो तर जमीन अपेक्षेपेक्षा चार बोटे खाली निघाली आणि गाडी सावकाश, सगळ्यांच्या देखत, माझ्या पिंढरीवर आडवी झाली. वेग शून्य. भाजी विकणाऱ्या दोन बायकांनी हसत हसत ती उभी केली. तुमच्या मागे मुलगी असेल, म्हणून हा प्रसंग लिहितो आहे.

शोरूममध्ये जाल तेव्हा रोजच्या चपला घालून जा, बुटांवर उंची मोजू नका. गाडीवर बसा, विक्रेत्याला हात काढायला सांगा आणि दोन्ही पायांवर तोल धरून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवा. बसल्या बसल्या पायांनी गाडी पाच पावले मागे न्या. मग उतरून मेन स्टँडवर चढवून बघा. नंतर पतींना मागे बसवा आणि हेच सगळे पुन्हा करा. कोणत्याही टप्प्यावर कोणी 'सवय होईल' म्हणाले, तर ती गाडी यादीतून काढून टाका.

पायांचाच दुसरा मुद्दा चढण्या-उतरण्याचा. पीसीएक्स, एनमॅक्स आणि यामाहाचीच एरॉक्स या गाड्यांना पाय ठेवण्याच्या जागी मधोमध जाड उंचवटा असतो, त्यात पेट्रोलची टाकी असते. मोटारसायकलसारखी टांग टाकूनच बसावे लागते आणि मागे मूल आधीच बसलेले असेल तर ती टांग टाकणे हा एक वेगळाच व्यायाम होतो. क्लिक, फिलानो आणि होंडाच्याच स्कूपी, जॉर्नो प्लस यांना आपल्या ॲक्टिव्हासारखी सपाट जागा आहे. पंजाबी ड्रेस असो की साडी, सरळ आत पाय घालून बसता येते. शिवाय तिथल्या घरात पिण्याचे पाणी विकतच आणावे लागते. सहा बाटल्यांचा गठ्ठा, तांदळाची पाच किलोची पिशवी, मुलीची पोहण्याची बॅग हे सगळे पायांजवळ मावते. मॅक्सीची डिकी मोठी असते हे खरे, पीसीएक्सची ३० लिटरची आहे, पण फिलानोचीही २७ लिटरची आहे आणि क्लिक १६० ची केवळ १८. आणखी एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: क्लिकमध्ये पेट्रोल भरायला दर वेळी उतरून सीट उघडावी लागते, फिलानोत झाकण पुढच्या बाजूला आहे. जूनमधल्या पावसात मुलीला उतरवून, डिकीतल्या पिशव्या भिजवत पेट्रोल भरण्याची वेळ आली की या बारीक गोष्टीची किंमत कळते.

तुमच्या खिशात जास्तीचे पैसे असतील तर ते सीसीवर न घालता ब्रेकवर घाला. पुष्कळ मॉडेलचे दोन प्रकार मिळतात: एक कॉम्बी ब्रेकचा आणि एक एबीएसचा. कॉम्बी ब्रेक तुमच्या ॲक्टिव्हालाही होता. डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो, एवढेच त्याचे काम. घाबरून जोरात दाबले तर चाक जाम होऊन गाडी घसरू शकतेच. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही. क्षणात सोडते, क्षणात धरते आणि हँडल तुमच्या ताब्यात राहते. थायलंडच्या तुमच्या भागात मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, रस्त्यावर रंगवलेले पट्टे आणि बाण ओले झाले की साबण लावल्यासारखे होतात, ट्रकांच्या मार्गावर डिझेल सांडलेले असते आणि बांगसेनसारख्या किनाऱ्याच्या रस्त्यावर वाळूचा थर येतो. अशा ठिकाणी एखादे कुत्रे आडवे आले तर आपला हात विचार करून ब्रेक दाबत नाही. म्हणून बिना-एबीएसच्या १६० पेक्षा एबीएस असलेली १२५ मी डोळे झाकून घेईन. दोन खुलासे मात्र करतो. या वर्गातल्या बहुतेक स्कूटरांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते (एनमॅक्ससारख्या काहींना दोन्ही चाकांना), त्यामुळे नेमके विचारून घ्या. आणि गाडी वळणात कललेली असताना एबीएस फारसे वाचवत नाही, तेव्हा वेग वळणाआधीच कमी करावा.

चाकांबद्दलही थोडेसे. क्लिकची चाके १४ इंची आहेत, फिलानो, जॉर्नो प्लस आणि स्कूपीची १२ इंची. मोठे चाक खड्डे आणि रेल्वे फाटके सहज ओलांडते, लहान चाक गल्लीत चटकन वळते. तुमच्या गावचे रस्ते एकंदर चांगले आहेत, त्यामुळे या एका गोष्टीवर मी निर्णय फिरवणार नाही.

आता पट्टाया. 'तिघे जाऊन याल' हे वाक्य वाचून मला थांबावे लागले. आपल्याकडे ट्रिबल सीट म्हटले की पोलीस डोळ्यांपुढे येतो. तिथे एका स्कूटरवर अख्खे कुटुंब जाताना दिसते आणि कोणी अडवत नाही, म्हणून ते चालते असे वाटू लागते. कायद्याने तिथेही दुचाकीवर दोघेच. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी, की अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. सीट कितीही लांब असली तरी तुमच्या तिघांसाठी स्कूटर हे वाहनच नव्हे. रविवारी तिघांना जायचे असेल तर सॉन्गथेव, म्हणजे तिथल्या शेअर टॅक्सी, आहेत, मिनीबस आहेत, एका दिवसासाठी भाड्याची मोटार मिळते. वर्षातून पंधरा रविवार धरले तरी, मॅक्सीसाठी जे तीस-पस्तीस हजार बाट जास्तीचे मोजाल, त्यात त्यातल्या बहुतेक फेऱ्या आरामात बसतील आणि मुलगी मागच्या सीटवर झोपूनही येऊ शकेल. पतींना एकट्याने मोठी गाडी चालवायची हौस असेल, आणि त्यात गैर काहीच नाही, तर एक दिवस भाड्याने घ्यावी; फक्त कोणी पासपोर्ट ठेवून घ्यायला लागला तर तिथून निघावे, पैशांची अनामत देणाऱ्या दुकानातच व्यवहार करावा.

यादी विचारली आहेत, तर माझा क्रम सांगतो. पहिल्यांदा १२५ सीसीतल्या एबीएसच्या दोन गाड्यांवर बसून बघा: होंडा जॉर्नो प्लस आणि यामाहा ग्रँड फिलानो हायब्रिड. तुमच्या उंचीला जॉर्नो प्लस, जिची सीट ७६० मिलीमीटरच्या आसपास आहे, जास्त सोयीची पडेल असा माझा अंदाज आहे. फिलानोवर पाय कमी टेकले तरी ती हलकी असल्यामुळे सांभाळली जाते. 'हायब्रिड' या शब्दाने भारावून जाऊ नका. ती पेट्रोलचीच गाडी आहे, निघताना छोटी मोटर क्षणभर हातभार लावते, इतकेच. पतींचे गुडघे या दोन्हींवर हँडलला लागतील का, हे त्यांना बसवून पाहा. आठवड्यातून एखादी फेरी असेल तर चालवून घेता येईल. ते खरोखर निम्मा वेळ चालवणार असतील, म्हणजे तुम्ही दोघांनी प्रामाणिकपणे आकडा मांडून तसे निघाले, तर क्लिक १६० ची एबीएस आवृत्ती हा मधला मार्ग आहे: सपाट जागा, मोठी चाके, पीसीएक्सचेच इंजिन आणि वजन ११८ किलोच्या आसपास. स्कूपी सगळ्यांत बुटकी, हलकी आणि देखणी आहे, पण ११० सीसी आणि कॉम्बी ब्रेक, त्यामुळे सुखुमवितवर डबल सीट जायचे असेल तर मी ती सुचवणार नाही. फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्यांसाठी उत्तम. भावाचा ढोबळ अंदाज द्यायचा तर १२५ च्या गाड्या पन्नास ते सत्तर हजार बाट, क्लिक १६० त्याच वरच्या टोकाला आणि मॅक्सी पंच्याऐंशी हजारांपासून लाखापर्यंत.

विजेवरच्या स्कूटरबद्दल दोनच वाक्ये. तुमचे अंतर तिला सोयीचे आहे, पण घर भाड्याचे, मुक्काम तीन वर्षांचा आणि नेमणूक संपल्यावर गाडी विकायची, हे लक्षात घेता आज मी पेट्रोलवरच राहीन. होंडा आणि यामाहाच्या जुन्या स्कूटरना तिथे हातोहात गिऱ्हाईक मिळते.

हप्त्यांचे नाव काढू नका, असे स्पष्टच सांगतो. तुमच्याकडे रक्कम आहे. थायलंडमध्ये मोटारसायकलच्या हप्त्यांवर जानेवारी २०२३ पासून व्याजाची कमाल मर्यादा घातली आहे आणि ती मर्यादाच वर्षाला २३ टक्के आहे! पुन्हा शोरूममध्ये महिन्याचा दर सांगतात, तोही मूळ रकमेवर, त्यामुळे तो फार किरकोळ वाटतो. रोख घेतलीत तर आपल्या आरसी बुकासारखे तिथले हिरवे पुस्तक, 'लेम खियाओ', तुमच्या नावावर तुमच्या हातात येते. हप्त्यांवर घेतल्यास ते फेडून होईपर्यंत कंपनीकडे राहते. परदेशी व्यक्तीला आपल्या नावावर गाडी घेता येते. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि वर्क परमिट किंवा इमिग्रेशन कार्यालयाचा राहत्या पत्त्याचा दाखला लागतो. पतींचे वर्क परमिट असल्याने गाडी त्यांच्या नावावर करणे सोपे वाटेल, पण विकताना ते त्या वेळी जपानला किंवा पुण्याला गेलेले असले तर सही कोण करणार, याचाही विचार करा.

आता परवाना. 'आम्हा दोघांकडे भारतीय लायसन्स आहे' असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. कृपया ते पाकिटातून काढून मागची बाजू बघा. त्यावर फक्त एलएमव्ही असेल, तर ते मोटारीचे आहे आणि स्कूटरसाठी शून्य उपयोगाचे. दुचाकीचा वर्ग वेगळा नोंदलेला हवा. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एका वर्षासाठी असतो आणि त्यातही दुचाकीच्या रकान्यात शिक्का असेल तरच तो स्कूटरला चालतो. तुम्ही तीन वर्षे राहणार आहात, तेव्हा थाई परवानाच काढावा. तिथेही मोटार आणि दुचाकी यांचे परवाने वेगळे. पहिला परवाना दोन वर्षांचा मिळतो, नंतरचा पाच वर्षांचा. पत्त्याचा दाखला आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन जायचे, रंगांची ओळख, अंतराचा अंदाज आणि ब्रेकची तत्परता यांच्या छोट्या चाचण्या द्यायच्या; प्रत्यक्ष चालवण्याची चाचणी द्यावी लागली तर त्यात अरुंद फळीवरून हळूहळू तोल सांभाळत जायचे असते. बारा वर्षे लक्ष्मी रोडवरून ॲक्टिव्हा काढलेल्या बाईला ती फळी म्हणजे पोरखेळ आहे. आणि हो, परवाना हातात येईपर्यंत गाडी घेऊ नका. गाडी दारात उभी असली की 'एवढे कोपऱ्यावरच जायचे आहे' सुरू होते.

परवान्यावर मी इतका जोर देतो तो विम्यामुळे. गाडी पासिंग करताना जो सक्तीचा विमा येतो, त्याला तिथे 'फोरोबो' म्हणतात. १२५ सीसीपर्यंत तो वर्षाला ३२३ बाटच्या आसपास आणि १५० सीसीच्या वर ६४५ च्या आसपास असतो, म्हणजे स्वस्तच. पण तो फक्त माणसांच्या इजेपुरता असतो. तुमच्या गाडीचे नुकसान सोडा, समोरच्याच्या मोटारीचेही त्यात येत नाही, म्हणून आपल्या थर्ड पार्टी विम्याशी त्याची गल्लत करू नका. उपचारांसाठी त्यातून मिळणारी कमाल रक्कम ८०,००० बाट आहे. खाजगी रुग्णालयात हाड मोडल्याची एक शस्त्रक्रिया ती ओलांडून जाते. तेव्हा नव्या गाडीसाठी पहिल्या वर्षी तरी ऐच्छिक, वरच्या दर्जाचा विमा घ्या, त्यात चोरी धरलेली आहे का ते विचारा. आणि पतींच्या कंपनीकडून तुम्हा तिघांना जो आरोग्य विमा आहे, त्याची प्रत मागवून दुचाकी अपघाताबद्दलचे कलम वाचा. योग्य वर्गाचा परवाना नसेल तर अनेक पॉलिसी हात वर करतात.

शोरूम गाडीबरोबर हेल्मेट फुकट देईल. ते वापरू नका आणि घरी पाहुण्यांसाठीही ठेवू नका. बोटाने दाबले तर आत जाणारे ते टोपरे आहे. थाई मानकाचा शिक्का असलेली, हनुवटीपर्यंत झाकणारी दोन हेल्मेटे मापाने घ्या आणि मुलीसाठी लहान मुलांचे वेगळे. मोठ्यांचे हेल्मेट पट्टा आवळून मुलाला बसत नाही, ते डोळ्यांवर घसरते. हेल्मेट नसल्यास चालवणाऱ्याला आणि मागच्याला दोघांनाही दंड आहे, २,००० बाटपर्यंत. मॅक्सी न घेतल्याने जे पैसे वाचतील, त्यातले पाच-सात हजार इथे घालावेत, असे मी सुचवेन.

देखभालीचे फार नाही. पहिली सर्व्हिसिंग १,००० किलोमीटरला, ती चुकवू नका, नाहीतर वॉरंटीचा वाद होतो. पंपावर गॅसोहोल, म्हणजे इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, ९१ किंवा ९५ भरा. टाकी फुल करायची तर 'तेम थांग' एवढे दोन शब्द पुरतात. गाडीचा बेल्ट वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलतात आणि तुमच्या फेऱ्या पाहता तो बहुधा तुमच्यानंतरचा मालक बदलेल.

पतींना हे सगळे कसे सांगावे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रभर तो जाणवतो. त्यांच्याशी वाद घालू नका. शनिवारी तिघे मिळून शोरूममध्ये जा, आधी मॅक्सीवर तुम्ही बसा, मुलीला मागे बसवा, आणि पतींना समोर उभे करून तुमच्या टाचांकडे बघायला सांगा.